मुक्काम कुणाच्या खर्चाने?

परभणी, सेलू, जिंतूर, गंगाखेड या पट्ट्यात आजही बहुतेक लग्नं मंगल कार्यालयात नाहीतर लॉन्सवर लागतात, आणि पुढेही तिथेच लागतील. तरी ‘डेस्टिनेशन वेडिंग’ हा शब्द आता इथल्या सोयरिकीच्या बैठकींतही निघू लागला आहे. मुलगा पुण्यात, मुलगी हैदराबादला, दोघांचे मित्र बंगळुरूपासून न्यू जर्सीपर्यंत पांगलेले, आणि मोबाइलवर रोज कुणाच्या तरी लग्नातला समुद्रकिनारा. विषय निघाला की चर्चा लगेच ठिकाणांवर घसरते. गोवा की महाबळेश्वर, उदयपूर की थेट कॅरिबियन? माझ्या मते ही सुरुवातच उलट्या टोकाची आहे. दूरच्या लग्नाचा पहिला प्रश्न ठिकाणाचा नसतोच. आलेल्या पाहुण्याचा मुक्काम कुणाच्या खर्चाने होणार, हे आधी ठरवावं लागतं. एकच रिसॉर्ट एका घराला परवडतं आणि दुसऱ्या घराचं कंबरडं मोडतं, त्यामागे बहुतेक वेळा या प्रश्नाचं वेगवेगळं उत्तर असतं.

ही पद्धत जिथे चांगली रुजली त्या कॅरिबियन बेटांकडे आधी पाहू. एकदाच रक्कम भरायची आणि राहणं, खाणं, पिणं, करमणूक सगळं त्यात, ही कल्पना लोकप्रिय केली ‘क्लब मेड’ने. बेल्जियमच्या जेरार्ड ब्लिट्झने १९५० साली स्पेनच्या मायोर्का बेटावर तंबू ठोकून तिची सुरुवात केली. १९८१ साली जमैकात माँटेगो बे इथे गॉर्डन स्टुअर्ट यांनी ‘सँडल्स’ काढलं आणि असा मुक्काम खास जोडप्यांसाठी विकायला सुरुवात केली. पुढे तीन किंवा अधिक रात्री राहणाऱ्या जोडप्याचा साधा विवाहविधी फुकट, अशी योजनाही आली. ऐकायला हा दानधर्म वाटतो, पण हिशेब पक्का आहे. तिकडच्या रिवाजाप्रमाणे पाहुणा विमानाचं तिकीट स्वतः काढतो आणि खोलीचे पैसेही स्वतःच भरतो. चाळीस पाहुणे आले तर रिसॉर्टच्या वीस खोल्या तीन-चार रात्री भरतात, तीही एका फटक्यात. लग्नाची कमान, फुलं आणि केक त्या कमाईपुढे किरकोळ. म्हणून ठरावीक खोल्या भरल्या की एक खोली मोफत, असले करार तिकडे सर्रास होतात. शिकागोतल्या जोडप्याचाही फायदाच. गावात लग्न केलं तर दीडशे माणसांच्या जेवणाचं बिल त्यांच्या अंगावर. बेटावर केलं तर निमंत्रण सगळ्यांना, येणार मोजके, आणि जे येतील ते स्वतःच्या पैशाने. न आलेल्याला रुसायला जागा नाही, न बोलावल्याचा ठपका नाही. दूरचं ठिकाण तिकडे खर्च कमी करण्याचं साधन आहे.

आता हीच गोष्ट गोदावरीच्या काठी आणून ठेवा. आपल्याकडे पाहुण्याला ‘खोलीचे पैसे तुम्ही द्या’ असं पत्रिकेत छापण्याची कुणाची छाती नाही. मामाला आणि आत्याला तर तोंडीही सांगता येत नाही. बोलावलं म्हणजे उतरवून घ्यायचं, जेवू घालायचं, टॉवेल-टोपी, साडी-चोळी करायची आणि निघताना गाडीपर्यंत पोचवायचं, हे सगळं त्या निमंत्रणातच आलं. त्यामुळे कॅरिबियनचं गणित इथे आणताच त्याची चिन्हं उलटतात: तिकडे माणसामागे यजमानाचा भार हलका होतो, इकडे माणसामागे एक पलंग आणि चार जेवणं वाढतात.

यावर कुणी म्हणेल, आपल्याकडे लग्नासाठी प्रवास नवा थोडाच आहे? बरोबर आहे, आणि म्हणूनच जुनी व्यवस्था नीट पाहायला हवी. मुलाकडचं वऱ्हाड मुलीच्या गावी जायचं, तिथे राहायचं, म्हणजे एका बाजूसाठी प्रत्येक लग्न ‘डेस्टिनेशन’च होतं. मराठवाड्याच्या खेड्यातून वऱ्हाड परदेशी लग्नाला निघतं, या एका कल्पनेवर लक्ष्मण देशपांड्यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ उभं केलं ते उगाच नाही. सगळा गोतावळा बरोबर नेणं ही इथली रीत प्रेक्षकाला पाठ होती. वऱ्हाड उतरायचं जानवसघरात. हे जानवसघर म्हणजे कुणाचा तरी मोकळा वाडा असे, किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीतली जिल्हा परिषदेची शाळा. वर्गातले बाक भिंतीला लावून सतरंज्या अंथरायच्या, पाण्याचे पिंप भरून ठेवायचे, चहाची किटली फिरती ठेवायची. उरलेले पाहुणे भावकी वाटून घ्यायची: दोन कुटुंबं चुलत्याकडे, चार म्हातारी माणसं शेजारी, पोरं गच्चीवर. शेजाऱ्याच्या घरची गादी, उशी, आंघोळीचं पाणी यांचं बिल कधी आलं नाही. याचा अर्थ तो मुक्काम फुकट होता असा नव्हे. पुढच्या वर्षी त्यांच्या घरचं लग्न निघालं की तुमचं घर रिकामं करून द्यायचं, हे देणं डोक्यावर असायचंच. रिसॉर्टमध्ये भावकीची ही उधारी चालत नाही, तिथे प्रत्येक रात्र रोख मोजावी लागते. शिवाय ही उधारी परभणीतही आटत चालली आहे. भावकी पुण्याला गेली, वाडे पडले, नव्या फ्लॅटमध्ये दोन खोल्या.

आकडे मांडून पाहू. भाव कल्पित आहेत, प्रमाण मात्र विचारात घेण्यासारखं. समजा, गोव्यात अडीचशे माणसं न्यायची, दोन रात्री, खोलीत दोघं. म्हणजे सव्वाशे खोल्या आणि अडीचशे खोली-रात्री. रात्रीचा भाव ६,००० धरला तर १५ लाख. सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे, म्हणजे एकूण १५ लाख ७५ हजार. त्याच रिसॉर्टने ऐन हंगामात ८,००० चा भाव सांगितला तर मूळ रक्कम २० लाख, आणि ७,५०० ची रेघ ओलांडल्यामुळे कर १८ टक्के: ३ लाख ६० हजार. दोन हजारांच्या फरकाने बिल पावणेआठ लाखांहून अधिक चढलं, आणि अजून कुणी जेवलेलं नाही. याच्या शेजारी परभणीच्या कार्यालयातली हजार ताटं ठेवा, ताटामागे ३०० धरा: तीन लाख. हजार माणसांना एक वेळ वाढणं अडीचशे माणसांना दोन रात्री झोपवण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं. ‘माणसं कमी, म्हणून खर्च कमी’ हे वाक्य बैठकीत फार आत्मविश्वासाने बोललं जातं; ते ताटांना लागू आहे, पलंगांना नाही. पाहुण्यांची यादी साठ-सत्तरवर आणायची हिंमत असेल तरच दूरच्या रिसॉर्टचा हिशेब जुळू लागतो. दीडशे ते तीनशे हा आकडा सगळ्यात वाईट: गाव दुखावण्याइतका लहान आणि खिसा फाटण्याइतका मोठा.

रिसॉर्टच्या बाजूने एक मुद्दा मात्र खरा आहे. तिथे एकच बिल असतं. कार्यालयातल्या लग्नात आचारी वेगळा, किराणा वेगळा, मंडप-डेकोरेशनवाला, बँडवाला, फेटेवाला, व्हिडिओवाला, जनरेटरवाला, भटजी, वाढपी, सगळे वेगळे, आणि प्रत्येकाच्या मागे घरातला एक माणूस लावावा लागतो. नवरीचा भाऊ मंगलाष्टकं चालू असताना सिलिंडर शोधत फिरतो. या श्रमांचा भाव कुणी लावत नाही म्हणून कार्यालय प्रत्यक्षापेक्षा स्वस्त भासतं. घरात धावपळ करणारी माणसं उरली नसतील, आईवडील साठीपुढचे आणि मुलं दोन दिवसांच्या रजेवर असतील, तर एका बिलाला जास्त पैसे मोजणं उधळपट्टी म्हणता येणार नाही. फक्त ही सोय आता परभणी, नांदेड, छत्रपती संभाजीनगरमध्येही पॅकेजच्या रूपाने विकत मिळते. तिच्यासाठी समुद्रापर्यंत जावंच लागतं असं नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. गावाला जेवू न घालता परस्पर लग्न उरकलं तर घेतलेल्या आहेरांची परतफेड राहते. वीस वर्षं ज्यांच्या पंगतीत बसलो, त्यांना आपल्या पंगतीत बसवणं हे जुनं देणं असतं, त्यात दिखावा नसतो. शिवाय आचारी, फुलवाले, बँडवाले, मंडपवाले यांचा वर्षाचा धंदा चार महिन्यांच्या लग्नसराईवर चालतो. जिल्ह्यात कापूस-सोयाबीनचा पैसा आधीच तोकडा, त्यातला लग्नाचा पैसाही बाहेर गेला तर त्यांनी काय करायचं? याला उत्तर म्हणून लोक सांगतात की लग्न तिकडे करू, आल्यावर गावात सत्यनारायण आणि जेवण देऊ. ठीक आहे, पण मग तो खर्च वेगळा धरू नका. दूरच्या लग्नाच्या अंदाजपत्रकातच गावजेवणाची ओळ घाला आणि त्यानंतर ठरवा. बहुतेक घरांत ती ओळ लग्न ठरल्यावर आठवते.

माणसं कमी करायची, कुणाला दुखवायचं नाही आणि मुक्कामही स्वस्तात उरकायचा, ही तिन्ही कामं एकदम करणारं ठिकाण महाराष्ट्रात केव्हापासून आहे. ते म्हणजे आळंदी. पुण्यापासून पंचवीसेक किलोमीटरवर, इंद्रायणीकाठी, १२९६ साली ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली ते गाव. तिथल्या कार्यालयांत आणि धर्मशाळांत लग्न लावायला मराठवाड्यातूनही लोक जातात. जमैकाचं बेट शिकागोवाल्यासाठी जे करतं, तेच आळंदी मानवतच्या किंवा पाथरीच्या माणसासाठी करते. ‘माउलीच्या दारी लग्न लावलं’ म्हटल्यावर कुणी ‘आम्हाला का नाही बोलावलं’ म्हणत नाही. अंतराने यादी आपोआप गाळली जाते आणि देवस्थानामुळे त्या गाळण्याला प्रतिष्ठा मिळते. फरक एवढाच की मुक्कामाचा भार इथे ना पाहुण्यावर पडतो ना पूर्णपणे यजमानावर. वारीच्या गर्दीसाठी उभ्या राहिलेल्या धर्मशाळांमुळे साध्या खोल्या मुबलक आहेत आणि पुण्यात स्थायिक झालेली निम्मी भावकी संध्याकाळी आपल्या घरी जाते. अर्थात घाईच्या आणि घरच्यांच्या विरोधातल्या लग्नांसाठीही आळंदीचं नाव घेतलं जातं, म्हणून काही घरं नाक मुरडतात. मुरडोत. खोलीचा प्रश्न इतक्या शहाणपणाने सुटलेलं दुसरं ठिकाण दाखवा म्हणावं.

आळंदीलाही एक तारीख मात्र सांभाळावी लागते. तुळशीचं लग्न कार्तिकी पौर्णिमेपर्यंत उरकतं, लग्नसराई उघडते, आणि पुढच्या दहा-अकरा दिवसांत कार्तिक वद्य एकादशी येऊन समाधी सोहळ्याची यात्रा भरते. तेव्हा एक खोली मिळणं मुश्कील. हंगामाचा हा मुद्दा सगळीकडेच आहे आणि त्यावरून ठिकाणाची पारख चांगली होते. कॅरिबियनमध्ये १ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा काळ. ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत जोर सर्वाधिक. नेमके तेव्हाच रिसॉर्टचे भाव उतरतात. २०२४ साली बेरिल वादळाने १ जुलैलाच ग्रेनाडाच्या कॅरियाकू बेटाची दैना केली आणि दोन दिवसांनी जमैकाला तडाखा दिला, म्हणजे हंगामाची सुरुवातही निर्धोक नाही. अरुबा, बोनेर, कुरासाव ही दक्षिणेकडची बेटं वादळांच्या नेहमीच्या वाटेबाहेर आहेत, म्हणून त्या काळातही तिथे मागणी टिकते. उतरलेल्या भावात धोक्याची किंमत वजा केलेली असते. आपल्याकडे हे कोडं आणखी गुंततं, कारण पंचांगाचं आणि पर्यटनाचं कॅलेंडर जुळत नाही. गोव्यात सर्वांत महाग काळ नाताळ ते नववर्ष, आणि तो बहुधा पौषात नाहीतर धनुर्मासात सापडतो, जेव्हा आपण मुहूर्तच धरत नाही. इतक्यावर खूश होऊ नये, कारण आपले भरगच्च मुहूर्त एप्रिल-मे महिन्यांत असतात. तेव्हा परभणीत पारा ४३-४४ वर असतो, म्हणून समुद्र आकर्षक वाटतो. पण मे महिन्यातल्या गोव्याच्या दमट दुपारी नऊवारी आणि फेटा घालून उघड्यावर उभं राहून पाहावं. जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस दाखल होतो आणि अंतरपाटासाठी छत शोधावं लागतं. नोव्हेंबरची अखेर ते डिसेंबरचा पहिला पंधरवडा, आणि मग फेब्रुवारी, हे दोनच काळ असे आहेत की हवा, मुहूर्त आणि भाव एकमेकांना फार छळत नाहीत.

वाटेचंही तसंच. परभणी मनमाड-सिकंदराबाद मार्गावर आहे, मुंबईला रात्रीची गाडी मिळते, विमानतळ शेजारी नांदेडला. पण वऱ्हाड म्हणजे प्रवासी नव्हे, जथा. नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आगाऊ आरक्षण ६० दिवस आधीच उघडतं आणि एका तिकिटावर सहाच नावं बसतात; शंभर माणसांची जुळवाजुळव त्यात होत नाही. पूर्ण डबा हवा तर वेगळा अर्ज करून अनामत भरावी लागते, नाहीतर एसटी प्रासंगिक करारावर घ्यायची, नाहीतर ट्रॅव्हल्स. गुडघे धरलेल्या आजीला रात्रभर बसमध्ये बसवायचं आणि सकाळी हळद लावायची, हा कार्यक्रम कागदावरच बरा दिसतो. अमेरिकेतल्या मराठी घरांची अडचण याच्याच उलट्या टोकाला असते. मुलं तिकडे, निम्मे पाहुणे तिकडचे, म्हणून मेक्सिकोचं कानकुन किंवा जमैका सोयीचं पडतं. तिथल्या मोठ्या रिसॉर्टना आता होमकुंडाची परवानगी, घोडा आणि शाकाहारी स्वयंपाक सवयीचा झाला आहे. पण परभणीच्या आजी-आजोबांचं काय? जमैका, बार्बाडोस, त्रिनिदाद इथे भारतीय पर्यटकाला आधी व्हिसा काढावा लागत नाही, हे खरं. मात्र भारतातून थेट विमान नाही, आणि वाट अमेरिकेतून असेल तर नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो. अशा वेळी बेट निवडणं म्हणजे कुठले आजी-आजोबा येऊ शकणार नाहीत हे निवडणं, आणि हे कुणीतरी मोठ्याने म्हणावं.

कायद्याचा भाग लोक सर्वांत शेवटी पाहतात. हिंदू विवाह कायदा, १९५५ प्रमाणे लग्न विधींनी लागतं. सप्तपदी हा विधी असेल तर सातव्या पावलाला ते पूर्ण होतं. विधी न करता नुसतं प्रमाणपत्र मिळवलं तर ते लग्न नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली स्पष्ट केलं आहे. म्हणून किनाऱ्यावर फोटोसाठी हार घालायचे आणि विधी ‘आटोपते’ घ्यायचे असं ठरत असेल तर सप्तपदी तरी गाळू नका. विशेष विवाह कायदा, १९५४ खाली लग्न करायचं तर नोटीस अशाच जिल्ह्यात देता येते जिथे दोघांपैकी एक जण आधीचे ३० दिवस राहिलेला असेल, आणि नोटिशीनंतर आणखी ३० दिवस थांबावं लागतं. ते परभणीत आधी उरकावं आणि सोहळा मग कुठेही करावा. परदेशात याहून सोपं आणि याहून अवघड अशी दोन्ही उदाहरणं आहेत. जमैकात पोचल्यावर २४ तासांत लग्न लावता येतं, अर्ज आधी केलेला असला तर. कॅरिबियनमधलीच मार्टिनिक आणि ग्वाडेलूप ही बेटं फ्रान्सची, तिथे महिनाभर वास्तव्य लागतं. तिकडचं प्रमाणपत्र इथे वापरायचं तर त्यावर अपोस्टिलचा शिक्का हवा. १९६१ च्या त्या हेग करारात भारत २००५ पासून आहे. आणि आवाजाचा नियम देशभर एकच: रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद. गोव्यात त्यावर बारीक लक्ष असतं, तेव्हा वरात अकराला काढायचा बेत असेल तर तो कार्यालयातच सोडून द्यावा.

राहिला शेवटचा आक्षेप: खर्च वाढला तर वाढू दे, दोन्हीकडचे मिळून करतील. मराठवाड्यात लग्नाच्या अटी ठरवायला यादी करतात. देणंघेणं, कपडे, मानपान, कुणी काय करायचं ते दोन्हीकडच्या जाणत्यांसमोर कागदावर उतरतं. काही घरं तर त्याच बैठकीत अक्षता टाकून मोकळी होतात, ‘यादी पे शादी’ म्हणतात ती हीच. रिसॉर्ट ठरवणाऱ्या घरांतून मात्र ही यादी नेमकी गायब होते, कारण सगळं ‘पॅकेजमध्ये’ आहे असा समज. पॅकेजमध्ये नसतात त्याच गोष्टींवरून व्याह्यांची तोंडं फिरतात. रिसॉर्ट करार करताना ठरावीक खोल्या राखून ठेवतं आणि त्या भरल्या नाहीत तरी पैसे घेतं. नवरदेवाकडच्या वीस जणांनी ऐनवेळी येणं रद्द केलं तर त्या दहा खोल्यांचे पैसे कुणी भरायचे? एक्स्ट्रा बेड कुणाच्या खात्यात? तिसऱ्या रात्री मागे राहिलेल्या मित्रांचं बिल? निम्मे-निम्मे म्हणजे खोल्यांच्या निम्मे की माणसांच्या? बहुतेक घरांत अजूनही न बोलता हा भार मुलीच्या बापावर जातो. म्हणून खोल्यांची यादी साखरपुड्याच्या बैठकीतच करावी, किती खोल्या, किती रात्री, रिकाम्या राहिल्या तर कुणाच्या, आणि खाली दोन्हीकडच्यांच्या सह्या घ्याव्यात. ठिकाणाचे फोटो त्यानंतर पाहायला हरकत नाही.